माफीच्या ओळीवर अडलेली भट्टी

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी पाववाल्या काकू भट्टीच्या तोंडाशी उभ्या होत्या. हातात लांब दांड्याचं लाकडी फावडं होतं आणि प्रभूची प्रार्थना म्हणता म्हणता त्या मधेच थांबल्या होत्या. आत दोन पत्रे भरून पाव होते. काकू थांबल्या म्हणून पाव थांबले नाहीत. आधी बदामी, मग तपकिरी असे रंग बदलत ते काकूंच्या डोळ्यांदेखत कोळशाच्या दिशेने निघाले.

"अगं, वास येतोय," मागून काका म्हणाले. काका म्हणजे काकूंचे यजमान. लाकडं फोडणं आणि उशिरा बोलणं ही त्यांची दोन कामं.

"मला नाक आहे."

"मग काढ की बाहेर."

"आमेन झालेलं नाही अजून."

या भट्टीतला पाव घड्याळ बघून कधीच काढला गेला नव्हता. सासूबाईंनी घालून दिलेली पद्धत अशी की, पत्रे आत सारायचे, प्रभूची प्रार्थना संथ लयीत ठरलेल्या वेळा म्हणायची आणि शेवटच्या आमेनला पाव बाहेर काढायचे. लाकूड ओलं असेल तर एक प्रार्थना जास्त. सासूबाईंना घड्याळ कळत होतं. पण घरातलं घड्याळ सासऱ्यांनी विकत आणलेलं होतं, आणि सासऱ्यांच्या कुठल्याच खरेदीवर त्यांचा विश्वास नव्हता. पीठ मळताना भांडू नये आणि भट्टीसमोर घाई करू नये, एवढं सुनांना शिकवून त्या गेल्या. पहिली गोष्ट घरात कुणीच पाळली नाही. दुसरी काकूंनी पाळली.

तर काकू अडल्या होत्या ते माफीच्या ओळीवर. आपण दुसऱ्याला माफ करतो तशी आपल्यालाही माफी मिळो, असं जिथे म्हणायचं असतं तिथे. इतकी वर्षं ही ओळ त्यांच्या तोंडून न थांबणाऱ्या गाडीसारखी निघून जात होती. आज गाडी थांबली, आणि फलाटावर समोर धाकटी जाऊ उभी दिसली.

दोष पाळकसाहेबांचा होता. निदान काकूंचं मत तसं होतं.

शहरात जाळपोळ होऊन संचारबंदी लागली, त्याला काही आठवडे झाले होते. विजेचा डबा पहिल्याच दिवशी पेटवला गेला, तेव्हापासून या भागात वीज नव्हती. सकाळी सात ते नऊ माणसांनी खाण्यापिण्याचं घ्यायला बाहेर पडायचं, बाकी वेळ दारं लावून बसायचं. पाचाहून जास्त माणसं जमली की तो जमाव, म्हणून चर्चलाही कुलूप. मात्र पावाच्या रांगेला परवानगी होती, आणि रांगेत जास्तीत जास्त किती माणसं असावीत हे हुकुमात लिहायचं राहून गेलं होतं. ही फट पाळकसाहेबांनी पहिल्याच रविवारी हेरली.

ते हातात पिशवी घेऊन रांगेच्या शेपटापासून तोंडापर्यंत चालत आणि प्रत्येकाला उपदेशाचं एकेक वाक्य देत. मधल्यांना मधलं मिळे आणि दुकानाच्या फळीशी उभ्या असलेल्यांना सार. मग दिवसभर शेजारीपाजारी खिडक्यांतून एकमेकांना विचारत, "तुमच्याकडे पुढचं काय आलं?" तुकडे जोडून लोकांनी उपदेश पुरा केला. चर्चमध्ये पुरा उपदेश एका जागी मिळत होता तेव्हा असं कुणी विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. हजेरी तर अशी की चर्चची वडीलमंडळी चक्रावली. जन्मात कधी उपासनेला न फिरकलेली माणसं मान खाली घालून उभी असत. चर्चमध्ये पाव मिळत नसे, हे एक कारण होतं. पण एकच नव्हतं.

पहाऱ्यावरच्या शिपायाने एकदा विचारलं, "हा जमाव आहे का?"

"नाही साहेब, रांग आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"मग गाणं कशाला चाललंय?"

"रांग लांब आहे."

शिपायाला उत्तर पटलं. पुढच्या रविवारी तोही मागे उभा राहून सूर धरत होता, आणि तो गायनमंडळीतल्या निम्म्या लोकांपेक्षा बरा होता.

अशाच एका रविवारी पाळकसाहेब फळीशी पोचले आणि काकूंच्या वाट्याला सार आलं. "उपासना बंद आहे, तर निदान रोजची प्रार्थना तरी घाईघाईत उरकू नका. प्रत्येक ओळ आधी स्वतः ऐका. मग देवाला ऐकवा."

काकू आज्ञाधारक. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी ऐकलं आणि दोन पत्रे जळाले.

सात वाजता रांगेतला पहिला नंबर शिंप्याचा. त्याने पाव हातात घेऊन उलटसुलट केला.

"काकू, भट्टी बंद करून कोळशाची वखार काढली वाटतं?"

"घ्यायचा असेल तर घे, नाहीतर सरक."

"घेतो हो. पाव नाही तर नाही, पाणी तरी तापेल."

मागे पाळकसाहेब उभे होते. काकूंनी त्यांच्यासमोर सगळ्यात काळा पाव ठेवला. "हा तुमच्या उपदेशाचा."

पाळकसाहेबांनी तो निमूटपणे पिशवीत टाकला. या घराण्याच्या पावाशी त्यांचा जुना संबंध होता.

सात वर्षांपूर्वी दोघी जावा एकाच भट्टीवर काम करत. एका रविवारी चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीसाठी काकूंनी भाजलेला पाव पाळकसाहेबांनी तोंडात टाकला आणि कट्ट असा आवाज झाला. तो पावाचा नसून पाळकसाहेबांच्या दाताचा आहे, हे मागच्या बाकापर्यंत कळलं. सगळे गप्प बसले. गप्प बसली नाही ती धाकटी. ती उभी राहून म्हणाली, "पुढच्या वेळेपासून माझ्याकडून घेत चला. माझा मऊ असतो."

त्याच संध्याकाळी चुली वेगळ्या झाल्या. काकांच्या धाकट्या भावाने समोरच्या गाळ्यात विजेची भट्टी आणली. तिला घंटी होती. पाव झाला की ती आपणहून वाजे आणि ती वाजली की काकूंच्या कपाळाला आठी पडे. प्रभुभोजनाचा पाव तेव्हापासून धाकटीकडून जाऊ लागला. गल्ली इतकी अरुंद की एकीने मिरची परतली तर दुसरीला ठसका लागायचा. बोलाचाल मात्र बंद. जे काही सांगायचं ते काकांमार्फत.

"त्यांना सांगा, त्यांचं मांजर आमच्या पिठावर झोपतं."

"त्यांना सांगा, आमच्याकडे कुणाला बांधून ठेवायची पद्धत नाही."

काका मधे उभे राहून दोन्ही निरोप शब्दशः पोचवत. दोघींच्या मधे हातभर अंतर असे.

वीज गेली आणि धाकटीची भट्टी एका दिवसात मुकी झाली. तिचा नवरा यीस्ट आणायला परगावी गेला होता, तो तिकडेच अडकला. फोन लागत नव्हते. गाळ्याचं दार अर्धं उघडं असे आणि आत पिठाची पोती दिसत. धाकटी पावाच्या रांगेत कधी आली नाही.

दुसऱ्या पहाटे काकूंनी मार्ग काढला. जी ओळ खोटी पडते ती म्हणायचीच नाही, हे त्यातल्या त्यात प्रामाणिक. ती वगळून त्यांनी प्रार्थना चालवली. पण तेवढी उडी मारल्यावर पुढच्या ओळीही पळत सुटल्या. आमेन भलतंच लवकर झालं. पाव वरून देखणा आणि आतून ओला निघाला.

शिंप्याने तुकडा मोडून बोटाने दाबला. "काल शेगडीला होता, आज खिसे चिकटवायला होईल. उद्या काय देताय?"

"उद्या तुला दुकानाबाहेर काढते," काकू म्हणाल्या.

तिसऱ्या पहाटे काकांनी मनगट पुढे केलं. "माझं घड्याळ आहे की. बघू या तरी."

"सासूबाईंनी ऐकलं तर?"

"आई जाऊन किती वर्षं झाली."

"म्हणूनच म्हणते. आता त्या कुठूनही ऐकत असतील."

तरी काकांनी घड्याळ लावून पाव काढले. ते उत्तम झाले. रंग एकसारखा, आत जाळी बारीक, कुठे ओल नाही. काका इतके खूश झाले की एकाच दिवसात त्यांची दोन-चार वाक्यं जास्त झाली. काकूंनी तुकडा चावला आणि खाली ठेवला.

"झालाय की छान."

"पाव झालाय हो. माझं काय?"

आणि अडचण खरी तीच होती. रात्री लांबून ओरडण्याचे आवाज येत, कधी कुठेतरी काचा फुटत. अशा वेळी काकूंकडे दुसरं काहीच नव्हतं. उशीत तोंड खुपसून त्या प्रार्थना सुरू करत आणि बरोबर त्याच ओळीशी येऊन उठून बसत. आयुष्यभर हाताशी असलेली गोष्ट ऐन गरजेच्या वेळी तोंडातून निसटली होती. ती परत मिळवायची तर समोरचं दार ठोठावावं लागणार होतं, आणि काकूंना ते जळक्या पावापेक्षा कडू लागत होतं.

त्यात पीठ संपत आलं. गाडी शहराबाहेर अडवलेली होती. काका सकाळी पोतं झटकून म्हणाले, "तिकडे पीठ आहे, भट्टी नाही. इकडे भट्टी आहे, पीठ नाही. देवाने यापेक्षा सोपं करून काय सांगायचं?"

"सोपंय म्हणूनच नको."

"म्हणजे?"

"पिठासाठी माफ केलं तर ती माफी नाही. तो बाजार झाला."

काकांनी हात टेकले आणि रांग सुरू झाल्यावर बायकोला पाळकसाहेबांच्या हवाली केलं. पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मागे रांग खोळंबली होती आणि कान टवकारून उभी होती.

"काकू, मन पूर्ण स्वच्छ होईपर्यंत थांबलात तर लोक उपाशी मरतील," ते म्हणाले. "आधी रस्ता ओलांडा. मन मागून येतं. सावकाश येतं, पण येतं."

"तुम्हाला बोलायला काय जातं? भर चर्चमध्ये मान माझी खाली गेली."

पाळकसाहेबांनी रांगेकडे पाठ केली आणि आवाज उतरवला. "एक सांगू का? तो दात आधीच हलत होता."

काकूंच्या हातातला पाव तसाच राहिला. "मग हे तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा तोंडात कापूस होता."

"आणि नंतरची सात वर्षं?"

पाळकसाहेब पिशवीची घडी घालू लागले.

"वा!" काकू म्हणाल्या. "एकीला माफ करता येईना म्हणून तुमच्याकडे आले, तर आता दोघांना करायचंय. सरका. पुढचा कोण?"

पुढचा शिंपी होता. त्याने आज पाव न उलटवताच उचलला आणि घाईने निघाला. नऊ वाजायच्या आत दाताची बातमी सगळ्या खिडक्यांतून फिरून आली.

दुसऱ्या दिवशी फळी आवरल्यावर काकूंनी हात धुतले, पदर नीट केला आणि काकांना म्हणाल्या, "उद्यापुरतं पीठ आहे ना?"

"आहे. उद्यापुरतंच."

"मग आजच जाते. परवा गेले तर पिठासाठी गेले असं होईल."

नऊला काही मिनिटं कमी होती. काकूंनी गल्ली ओलांडली. रस्ता असा किती, उंबरा ते उंबरा. दार धाकटीनेच उघडलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि निरोप पोचवायला मधे काका नाहीत हे दोघींच्याही एकदमच लक्षात आलं.

"मी पीठ मागायला आलेली नाही," काकू म्हणाल्या.

"मी कुठे म्हटलं आलात म्हणून?"

"माफ करायला आलेय."

"कुणाला?"

"तुला. आणखी कुणाला?"

धाकटीने कमरेवर हात ठेवले. "मला? बाई गं! अहो जाऊबाई, मीच तुम्हाला कधीची माफ करून बसलेय. रोज करते. दोन वेळा."

काकूंचा चेहरा लाल झाला. "मला? मला कशाबद्दल गं? काय केलं मी?"

"काय केलंत? त्या दिवशी घरी आल्यावर माझी परात अंगणात भिरकावलीत. माझ्या आईने दिलेली. अजून पोचा आहे तिला. दाखवू?"

"भिरकावली नाही. ठेवली."

"गच्चीवरून?"

आवाज चढत गेले. खिडक्या उघडल्या. कोपऱ्यावरचा शिपाई काठी आपटत आला. "काय चाललंय? वेळ संपत आली. जमाव करू नका."

"दोघींचा कसला जमाव?" दोघी एकदमच त्याच्यावर खेकसल्या. सात वर्षांत त्यांचं पहिलं एकमत झालं ते असं. शिपाई जागच्या जागी वळला.

शेजाऱ्यांना फुकटचा तमाशा नको म्हणून धाकटीने काकूंना आत ओढलं. आत अंधार होता. विजेच्या भट्टीवर चादर घातली होती. बाजूला रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर तवा, आणि तव्यावर एक गोळा, खालून काळा, वरून पांढरा, मधे खचलेला. काकूंनी वाकून पाहिलं. असे आणखी दोन खिडकीत ठेवलेले होते, एकाचा कोपरा कुरतडलेला.

"हे काय आहे?"

"पाव."

"कुणी खाल्ला हा?"

"मी. मांजराने तोंड लावलं नाही."

पोत्यांनी भरलेल्या खोलीत बाई इतके दिवस कच्चं पीठ गिळून काढत होती, आणि समोरच्या फळीशी येऊन एक पाव मागत नव्हती. काकूंना हे लगेच कळलं. तिच्या जागी त्यांनीही हेच केलं असतं. सगळ्या शहरात हा हट्ट ओळखू शकेल असं दुसरं माणूस नव्हतं.

"भाऊजींचा काही निरोप?" काकूंनी विचारलं.

"नाही." धाकटी स्टोव्ह पुसू लागली. तो स्वच्छच होता. "रात्री प्रार्थना म्हणते. एकटीने म्हटली की पुढचं आठवत नाही. सासूबाई असत्या तर फावड्यानेच मारलं असतं."

"कुठे अडतेस?"

"भाकरीच्या ओळीशी. रोजची भाकर दे म्हणायचं आणि भोवती पोती. लाज वाटते हो."

काकू तिथल्या पोत्यावर बसल्या. आपल्या जावेच्या पिठावर आपण बसलोय हे लक्षात आल्यावरही त्या उठल्या नाहीत.

"मी तेव्हा उभी राहिले ना चर्चमध्ये," धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली, "तेव्हा बसून राहायला हवं होतं."

काकू पोत्यावरून उठल्या. त्या म्हणाल्या, "पोतं धर त्या बाजूने. माझी कंबर धरलीये."

"पीठ मागायला आला नव्हतात ना?"

"मागितलं कुठे? तू देतेयस."

पोतं गल्लीच्या मधोमध अडलं, कारण दोघी एकमेकींना कसं धरायचं ते शिकवत होत्या. नऊ वाजून गेले होते. शेवटी शिपायानेच काठी काखेत मारून पोतं खांद्यावर घेतलं, आणि काकूंच्या उंबऱ्याशी टाकून, कुणी बघितलं तर नाही ना, हे बघत कोपऱ्यावर परतला. त्याच्या पाठीवर पांढरा पट्टा दिवसभर तसाच होता.

पुढच्या पहाटे त्याच भट्टीसमोर दोघी जावा पुन्हा शेजारी उभ्या राहिल्या. काकांनी लाकडं सारली. पत्रे आत गेले. काकूंनी प्रार्थना सुरू केली, धाकटीने सूर मिळवला आणि पहिल्याच ओळीला भांडण लागलं.

"हळू म्हण. गाडी पकडायचीये का?"

"तुम्ही ओढताय. पाव म्हातारा होईल."

कशीबशी एक लय जमली. भाकरीच्या ओळीशी धाकटीचा आवाज बारीक झाला. काकूंनी आपला मोठा केला आणि तिला ओढून पुढे नेलं. मग माफीची ओळ आली. दोघी एकदम थांबल्या. एकीला वाटत होतं दुसरीने आधी म्हणावं. दुसरीला वाटत होतं पहिली थोरली आहे. भट्टीत पाव बदामी झाला आणि तपकिरीकडे झुकू लागला.

"वहिनी," काका म्हणाले. धाकट्या भावाच्या बायकोला ते असंच म्हणत. मग काकूंकडे वळले. "अगं तूसुद्धा. मी लाकडं फोडतो, मला यातलं काही कळत नाही. पण वास येतोय."

काकूंनी दात आवळले. "परात फेकली होती," त्या भट्टीकडे बघत म्हणाल्या. "ठेवली नव्हती." आणि लगेच, कुणी काही बोलायच्या आत, त्यांनी ती ओळ म्हटली. सगळी म्हटली. धाकटी अर्ध्या शब्दाने मागे होती, पण ती पोचली. पुढचं सगळं उतारावरच्या चाकासारखं आमेनपर्यंत गेलं.

पाव बाहेर आले ते हवे त्यापेक्षा थोडे गडद होते. धाकटीने एक मोडून वास घेतला. उभ्या उभ्या पुरा खाल्ला, मग दुसरा घेतला.

"कडक आहे," ती तोंड भरलेलं असताना म्हणाली.

"मग खाऊ नकोस."

"मी कुठे म्हटलं नको म्हणून?"

सातला फळी उघडली. शिंप्याने पाव उलटसुलट करून पाहिला, आत उभ्या दोघींकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा दोन घेतले. पाळकसाहेब रांगेच्या शेपटापासून निघाले होते. ते फळीशी पोचले तेव्हा काकूंनी त्यांना सार सांगायची संधीच दिली नाही. "तुमचं अजून व्हायचंय," त्या म्हणाल्या. "रोज थोडं थोडं करतेय. घाई करू नका म्हणून तुम्हीच सांगितलंय."

धाकट्या भावाचा निरोप अजून आलेला नाही. विजेचीही काही खबर नाही. उद्या पीठ मळायची पाळी धाकटीची आहे. ती पहाटे तीनला गल्ली ओलांडणार, हे शिपायाने आपल्या वरच्याला कळवून ठेवलं आहे.